डबी जागेवर, तर लाईन बंद

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या काकांनी माझ्या वडिलांना विचारलं, "मुलगा कोणत्या लाईनीत आहे?" वडील डहाणू रोड स्टेशनात नोकरीला होते. ते म्हणाले, "मी रेल्वेच्या लाईनीत, मुलगा विजेच्या लाईनीत." काकांनी मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे खांबावर चढतो?" मी खांबावर चढत नाही, सबस्टेशनात बसून असतो, हे कळल्यावर त्यांचा चेहरा आणखी पडला. बसून असणारा मुलगा त्यांच्या घरात आधीच एक होता. तरीही लग्न झालं. का झालं ते बायको अजून सांगत नाही.

लाईन या शब्दावर मी बत्तीस वर्षं भाकरी खाल्ली. हा शब्द इंग्रजांनी आणला असेल, पण वापरायचा कसा ते आम्ही त्यांना शिकवलं असतं. डहाणूत रेल्वेच्या पोरांना लाईन म्हणजे रूळ. 'लाईनीपलीकडे राहतो' म्हटलं की पत्ता पूर्ण झाला. रॉकेलला लाईन, शाळेत लाईन, पोलिसांची राहायची जागा ती पोलीस लाईन. तलासरीच्या हायवेवर धाब्यावर चौकशी केली की ट्रकवाला सांगणार, अमुक ड्रायव्हर लाईनवर आहे, म्हणजे गाडी घेऊन गेलाय, आठ दिवस विचारू नका. एखाद्याची वरपर्यंत लाईन असते. वाया गेलेला मुलगा लग्नानंतर लाईनीवर येतो, किंवा येत नाही. कॉलेजच्या पोरांची लाईन तर सगळ्यांना ठाऊक आहे. ती मारायची असते, आणि समोरून मिळाली तर 'लाईन देते' असं मित्रांना सांगायचं असतं. समोरच्या मुलीला याचा पत्ता नसला तरी चालतं.

आणि आमची लाईन. ती येते, जाते, डीम होते, मारते. बाजारातले गुजराती दुकानदार मला पाहिलं की नमस्काराऐवजी विचारायचे, "लाईन आवी के नहीं?"

आमच्या तक्रारवहीतही हा शब्द नाना रूपांत यायचा. डहाणूत एका शिक्षकांच्या घरासमोरच्या खांबावर आमचा एक तरुण वायरमन आठवड्यातून तीनदा चढत असे. शिक्षकांना एक मुलगी होती आणि खांब तिच्या खिडकीसमोर होता, हे आम्हाला उशिरा कळलं. शिक्षकांना मात्र वेळेवर कळलं असावं. त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आमच्या घरासमोरील लाईन वारंवार दुरुस्त केली जाते. हे त्वरित थांबवावे.' आमच्या खात्याच्या इतिहासात अशी तक्रार पहिलीच असेल. पुढे त्या मुलीशी त्याचंच लग्न झालं आणि त्या खांबावर पुन्हा कधी बिघाड झाला नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे बोर्डीचे एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत, आम्हीही म्हणायचो. त्यांची चिकूची वाडी होती, घरात फोन होता आणि हाताशी वेळ भरपूर होता. वीज गेली की ते फोन करायचे. मी म्हणायचो, "सर, लाईन गेलीय." ते म्हणायचे, "लाईन गेलेली नाही. ती माझ्या अंगणासमोरून जाते आणि मला इथून दिसते आहे. गेली ती वीज." मग ते मला शिकवायचे की लाईन म्हणजे मुळात जवसाच्या झाडापासून काढलेला दोरा, त्या दोऱ्याने आखली म्हणून रेघ, रेघेत उभे राहिले म्हणून रांग, आणि असं करत करत शेवटी आमच्या तारेपर्यंत यायला त्यांना दहा मिनिटं लागायची. तोवर बऱ्याचदा वीज आलेली असायची. ती आल्यावर ते फोन ठेवायचे, आभार मानायचे नाहीत. वीज येणं हा व्याकरणाचा विजय आहे अशी त्यांची समजूत असावी.

आता आमचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. सबस्टेशनात मोठ्या दाबाची वीज येते, ती कमी दाबाची करून आम्ही वेगवेगळ्या बाजूंना सोडतो. एक लाईन बोर्डीला, एक तलासरीकडे, एक आगरकडे. प्रत्येक लाईनीचं भिंतीलगत एक लोखंडी कपाट, त्याला पॅनेल म्हणतात, आणि पॅनेलला एक हँडल. हँडल खाली, लाईन बंद. हँडल वर, लाईन चालू. ऑपरेटरची अक्कल हँडल वर करण्यात नाही, ते कधी वर करायचं नाही हे कळण्यात आहे. कारण लाईनमन दहा-बारा किलोमीटर लांब कुठल्यातरी खांबावर तारेला हात घालून बसलेला असतो आणि तो आपल्याला दिसत नाही.

यासाठी खात्याचा नियम होता, त्याला लाईन क्लिअर म्हणत. कामाला जायच्या आधी लाईनमनने छापील वहीत सही करून लाईन बंद करून घ्यायची. काम संपल्यावर त्यानेच परत येऊन सही करायची, मगच हँडल वर. नियम उत्तम होता. पण लाईनमन येतो सायकलवरून, घामाने भिजून, आणि त्याला सहीचा कंटाळा असतो. मग सही सकाळची संध्याकाळी व्हायची, संध्याकाळची उद्या. काही ठिकाणी तर 'एक वाजता चालू कर' एवढं सांगून लोक जायचे आणि दोन घड्याळांच्या भरवशावर माणसं खांबावर चढायची. त्यात किती जण गेले याचे किस्से प्रत्येक सबस्टेशनात होते. किस्से सांगताना आम्ही हसतही असू, कारण गेलेला माणूस दुसऱ्या सबस्टेशनचा असायचा.

आमच्याकडे वहीपेक्षा पक्का बंदोबस्त होता. तो देवजी धोडीने आणलेला होता.

देवजी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, अंगाने काटक, खांबावर चढताना चपला खाली काढून एकमेकींना लावून ठेवणारा. तो सगळ्यांना अरे-तुरे करायचा, साहेबांनाही. त्याच्या बोलीत अहो-जाहो नाही आणि केवळ साहेबांसाठी नवीन काही शिकायची त्याची तयारी नव्हती. मला तो नावाने कधीच हाक मारायचा नाही, 'आपरेटर' म्हणायचा.

देवजीकडे दोन तोंडांची पितळी डबी होती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. कामाला निघताना तो ती डबी त्या-त्या लाईनीच्या पॅनेलवर, हँडलच्या बरोबर वर ठेवून जायचा. परत आला की पहिल्यांदा डबी उचलायचा, तंबाखू मळायचा, एक चिमूट मला द्यायचा, एक स्वतः दाढेला धरायचा आणि म्हणायचा, "कर चालू." डबी पॅनेलवर असेल तर लाईन बंद. वहीत काहीही लिहिलेलं असो, वरून कुणाचाही फोन येवो. त्याचं म्हणणं होतं, सही करायला माणूस विसरतो, तंबाखू खायला विसरत नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या हाती निरोप पाठवून तंबाखू खाता येत नाही. मी एकदा ही युक्ती खात्याला कळवावी म्हणालो. तो म्हणाला, "कळव. मग ते डबीचं टेंडर काढतील."

आमचे तेव्हाचे साहेब देशावरचे, तरुण, स्वभावाने मोकळे. त्यांनी बायकोसमोर शपथ घेतली होती की तंबाखू सोडली. म्हणजे विकत घेणं सोडलं होतं. दिवसभर ते ज्याच्या-त्याच्याकडे हात पसरायचे आणि चुना मात्र भिंत रंगवायची असल्यासारखा लावायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. साहेब आपल्या पंगतीला बसतो याचा उलट आनंद व्हायचा.

ऐंशीच्या दशकातला एक मे महिना. पावसाळ्याच्या आधी समुद्रकाठच्या लाईनींची सगळी कामं काढावी लागतात. खांबावर तार ज्यांवर टेकलेली असते त्या चिनी मातीच्या कपांवर खारा वारा मिठाचा थर चढवतो, आणि पहिल्या ओलीला त्यातून ठिणग्या उडायला लागतात. शिवाय ताडाच्या झावळ्या, आणि चिकू खाऊन उलटी लटकणारी वटवाघळं. त्या दिवशी देवजी बोर्डीच्या लाईनीवर कप बदलायला गेला. डबी पॅनेलवर ठेवली, मला म्हणाला, "एकपर्यंत येतो." अशा वेळी तारेला एक साखळी लावून ती जमिनीत उतरवायची असते, म्हणजे चुकून कुणी वीज सोडली तरी ती माणसाऐवजी जमिनीत जाते. आमच्याकडे साखळ्या दोन होत्या. एक तुटलेली होती आणि दुसरी तलासरीला दिलेली होती. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, देवजीलाही माहीत होतं. तरी तो गेला आणि आम्ही जाऊ दिलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हेच आज सगळ्यात जास्त खटकतं.

एक वाजला, देवजी नाही. सव्वा वाजता साहेबांच्या खोलीतला फोन वाजला. साहेब बाहेर कुठेतरी होते म्हणून मी पॅनेलरूम सोडून फोन घ्यायला गेलो. पलीकडे बोर्डीचे सर. त्यांच्याकडे त्या दिवशी मुलीला पाहायला मुंबईची मंडळी आली होती, जेवणं चालली होती, पंखे बंद, पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत होते. सकाळी मी त्यांना एक वाजताचा शब्द दिला होता आणि तो पाळला नाही, याला इंग्रजीत काय म्हणतात ते सरांनी मला सांगितलं, मराठीत काय म्हणतात तेही सांगितलं. मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, "हे तिसरं स्थळ आहे हो. तेवढं बघा." सरांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. दोन मिनिटांत सोडतो म्हणून मी फोन ठेवला.

परत पॅनेलरूममध्ये आलो तर बोर्डीच्या पॅनेलवर डबी नव्हती.

मला हायसं वाटलं. देवजी आला, सरांचे पंखे फिरतील, मुलीचं जमेल. मी हँडलला हात घातला. हँडल जड असायचं, दोन्ही हातांनी धरून पाय रोवावा लागायचा. मी पाय रोवला.

आणि तेवढ्यात मला राग आला. मी आज जे सांगतो आहे ते शोभेचं नाही, पण खरं आहे. मला नियम आठवला नाही, वही आठवली नाही, देवजीची बायकोमुलं आठवली नाहीत. मला आठवलं की मला माझी चिमूट मिळालेली नाही. सकाळपासून तोंड कोरडं, आणि हा माणूस डबी उचलून मला न देता परस्पर चहाला गेला? इतक्या वर्षांत त्याने असं केलं नव्हतं. मी हँडल सोडलं आणि त्याला दोन शब्द सुनवायला तावातावाने बाहेर आलो.

बाहेर देवजी नव्हता. त्याची सायकलही नव्हती. जीपला टेकून साहेब उभे होते, तळहातावर तंबाखू मळत होते आणि जीपच्या बॉनेटवर दोन्ही तोंडं उघडी टाकलेली ती पितळी डबी होती.

मी पायरीवर बसलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते हुशार होते, त्यांना सगळं एकदम कळलं. हातातली तंबाखू खाली पडली. त्यांनी डबी मिटली, दोन्ही हातांत धरून आत नेली आणि पॅनेलवर होती तिथे ठेवली. मग येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसले. आत फोन वाजत राहिला. आम्ही दोघांनीही उचलला नाही.

देवजी पावणेदोनला आला. एका कपाचा बोल्ट गंजला होता, निघता निघत नव्हता, म्हणून उशीर झाला म्हणाला. सरळ आत गेला, डबी उचलली, तंबाखूची बाजू उघडली, मग चुन्याची. चुन्यात डोकावून पाहिलं. "कोणी खाल्ली रे?" साहेब भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मी."

"तोंड कोरडं पडलं असेल," देवजी म्हणाला. नेहमीसारखी मळली, नेहमीसारखी चिमूट दिली. मला ती तोंडात घालवेना. मुठीत धरून मी उभा राहिलो आणि तो म्हणाला, "कर चालू." मी केली. सरांच्या घरी पंखे फिरले तेव्हा पाहुणे स्टेशनकडे निघून गेले होते, हे मला नंतर कळलं. मुलीचं पुढे पाचव्या स्थळाला जमलं आणि ते स्थळ चांगलं निघालं. पण सरांनी मला फोनवर शिकवणं बंद केलं. 'वीज नाही' एवढंच म्हणायचे आणि ठेवायचे. मला ते दहा मिनिटांचे धडे हवेसे वाटायला लागले होते.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी कुठूनतरी भांडून चार नव्या साखळ्या आणल्या. तंबाखूही सोडली, या वेळी खरोखर. मी वहीतल्या सहीशिवाय हँडलला हात लावणं बंद केलं, आणि डबी हवी ती हवीच. पण देवजीला आम्ही सांगितलं नाही. साहेबांची बदली झाली, तरी सांगितलं नाही. रोज समोर येणाऱ्या माणसाला 'तुला मी जवळजवळ मारलं होतं' हे कोणत्या शब्दांत सांगायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. उद्या सांगू म्हणून मी बारा वर्षं काढली. या काळात त्याने दिलेली प्रत्येक चिमूट घेताना मला लाज वाटायची, आणि तरी मी ती घ्यायचो.

त्या दिवसानंतर देवजीतही एक बदल झाला, पण मी त्याच्याकडे थट्टेने पाहिलं. त्याने दोन तोंडांची पितळी डबी घरी ठेवून दिली आणि डहाणूच्या बाजारातून एका तोंडाची पत्र्याची डबी आणली. त्यात फक्त तंबाखू. चुना वेगळा, एका छोट्या ट्यूबमध्ये, आणि ती ट्यूब खिशात घालून तो खांबावर जायचा. मी म्हणायचो, देवजीभाई, म्हातारा झालास, अर्धी डबी घरी विसरतोस. खांबावर चुना कुणाला लावतोस, वटवाघळांना? तो हसायचा. अशी थट्टा मी वर्षानुवर्षं केली.

नव्वदच्या दशकात तो निवृत्त झाला. सबस्टेशनाच्या आवारात खुर्च्या मांडल्या, शाल, नारळ, साहेबांचं भाषण. नवे साहेब म्हणाले की देवजी धोडी यांनी आपलं आयुष्य लाईनीला वाहिलं. देवजी शेजारी बसून बोटांनी शालीची झालर मोजत होता. मलाही बोलायला उठवलं. मी उठलो, दोन वाक्यं बोललो, घसा दाटला असं सांगून बसलो. लोकांना वाटलं प्रेमाने दाटला. प्रेम होतंच, पण तेवढंच नव्हतं.

सगळे गेल्यावर तो पॅनेलरूममध्ये आला. बोर्डीच्या पॅनेलवरची पत्र्याची डबी उचलली, मळली, मला चिमूट दिली. मी ती हातात धरली आणि म्हणालो, "देवजीभाई, एकदा ही डबी जागेवर नव्हती. तू वर होतास. माझे दोन्ही हात हँडलवर होते."

"साहेबानं उचललेली," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तू चुना नखाएवढा घेतोस. त्या दिवशी चुन्यात अख्खं बोट घातलेलं. असं बोट साहेबाचंच." त्याने तंबाखू दाढेला लावली. "जीपपाशी तंबाखू सांडलेली, म्हणजे डबी हितून बाहेर गेलेली, नि तू पायरीवर बसलेला, तोंड पांढरं. मला काय कळत नाय?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू घाबरला असतास. घाबरलेल्या माणसाच्या हातात माझी लाईन कशी देऊ?" मग त्याने खिशातली चुन्याची ट्यूब काढून माझ्यासमोर धरली. "म्हणून हा खिशात. चुन्याबिगर कोण चोरून खाणार?"

बारा वर्षं मी ज्याला विसरभोळा म्हणत होतो, तो बारा वर्षं रोज माझ्या चुकीचा बंदोबस्त खिशात घालून खांबावर चढत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. देवजीने पत्र्याची डबी पॅनेलवर परत ठेवली आणि म्हणाला, "राहू दे हितंच. नवीन लाईनमनला दे." दारापर्यंत जाऊन वळला. "तो तंबाखू खातो ना? नसेल खात तर शिकव."

नवीन लाईनमन खात नव्हता. शिकवण्याचं पाप मी केलं नाही. ती डबी माझ्याबरोबर निवृत्त झाली आणि आता घरी मीटरच्या पेटीवर असते. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, पंखा थांबतो आणि बायको म्हणते, तुमच्या ऑफिसात फोन करा, लाईन कधी येणार विचारा. तिला मी सरांच्या चालीवर सांगतो, लाईन कुठेही गेलेली नाही, जागेवर आहे. ती वर्तमानपत्राने वारा घेत पुन्हा म्हणते, करा फोन. मी करत नाही. कुणीतरी वर असेल.